रक्ताचं सॅम्पल घेताना: फॉर्म वाचण्यापासून बल्ब लॅबमध्ये पोचेपर्यंत

रिपोर्ट विचित्र आला की सगळे मशीनकडे बोट दाखवतात. कॅलिब्रेशन बिघडलं असेल, रिएजंट जुना असेल. तसं होतंही. पण लॅबमधल्या एकूण चुकांपैकी निम्म्याहून जास्त चुका सॅम्पल मशीनवर चढण्याआधीच झालेल्या असतात, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. दुसऱ्याच पेशंटचं रक्त, भलताच बल्ब (रक्त भरायची झाकणाची नळी), अर्धवट भरलेला बल्ब, न हलवलेला बल्ब, डिकीत तापलेला बल्ब. यातलं बरंचसं मशीनला कळत नाही. समोर आलं त्याचा आकडा ते देऊन मोकळं होतं.

डीएमएलटीची (लॅब तंत्रज्ञानाचा डिप्लोमा) इंटर्नशिप करणारी मुलं, नर्सिंगचे विद्यार्थी आणि घरोघरी जाऊन कलेक्शन करणारे यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितेय. शीर सापडली की काम फत्ते, असं नव्या मुलांना वाटतं. टोचणं सरावाने हाताला बसतं. त्याच्या आधीची आणि नंतरची कामं मात्र सरावाने उलट बिघडत जातात, म्हणून भर तिथे जास्त दिला आहे. आणि हे वाचून कुणी थेट माणसावर प्रयोग करू नये. आधी रबरी हातावर सराव, मग सीनिअरच्या नजरेखाली, मग एकट्याने.

फॉर्म आधी, ट्रे नंतर

फॉर्म नीट वाचल्याशिवाय बल्ब काढायचे नाहीत. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) म्हणजे ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेला बल्ब. शुगर म्हणजे फ्लोराईडचा. एलएफटी (यकृत), केएफटी (मूत्रपिंड), थायरॉईड, लिपिड (रक्तातली चरबी) यांना प्लेन किंवा जेलचा बल्ब. पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) म्हणजे सायट्रेटचा. एचबीए१सीला (तीन महिन्यांची सरासरी शुगर) पुन्हा ईडीटीएच, आणि सीबीसीसोबत मागितलं असेल तर बहुतेक लॅब एकाच बल्बवर दोन्ही करतात. उगाच जास्तीचा बल्ब भरू नका.

बल्बवरची एक्स्पायरी बघा. मुदत संपलेल्या व्हॅक्युटेनरमधली (रक्त आपोआप ओढून घेणाऱ्या बल्बमधली) पोकळी कमी झालेली असते. शीर बरोबर लागूनही रक्त येत नाही, आणि आपण बिचाऱ्या शिरेला दोष देत सुई हलवत बसतो.

सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मोठ्या माणसाला हिरवी २१ नंबर चालते, थोडी नाजूक शीर असेल तर काळी २२. निळी २३ नंबर लहान मुलांना आणि हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरांना. ती बहुधा स्कॅल्प व्हेनच्या (पंख आणि लवचिक नळी असलेली सुई) रूपात वापरतात. त्याहून बारीक सुईतून व्हॅक्युमने रक्त ओढलं की लाल पेशी फुटण्याची शक्यता वाढते. सिरिंज वापरणार असाल तर अशक्त शिरेवर १० किंवा २० मिलीची लावू नका. दांडा ओढताच शीर आतून चिकटते. ५ मिलीची सिरिंज हळू ओढा.

ट्रेमध्ये टर्निकेट (दंडाला आवळायचा पट्टा), स्पिरिट स्वॅब, कोरडा कापूस, चिकटपट्टी, हातमोजे, बल्ब, पेन. सुया टाकायचा पांढरा डबा हाताच्या अंतरावर हवा. वापरलेली सुई हातात घेऊन दोन पावलंही चालायचं नाही. प्रत्येक पेशंटच्या आधी हात धुवायचे आणि हातमोजे बदलायचे. मोज्यांवरच सॅनिटायझर चोळून पुढचा पेशंट घेणं ही कोविडनंतर बोकाळलेली वाईट सवय आहे.

नाव आपण सांगायचं नाही, त्यांच्याकडून ऐकायचं

‘पाटील काका ना?’ असं विचारलं की कमी ऐकू येणारा कुठलाही माणूस मान डोलावतो. नंबर लवकर लागावा म्हणून डोलावणारेही असतात. म्हणून विचारायचं असं:

‘काका, तुमचं पूर्ण नाव सांगा.’

‘वय किती? जन्मतारीख सांगता येईल?’

मग ते फॉर्मशी पडताळायचं. निदान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत, आणि खाटेचा नंबर ही ओळख होत नाही, कारण वॉर्डात खाटा रातोरात बदलतात. आपल्याकडे यात दोन खास गोंधळ आहेत. एक, गावच्या कॅम्पमध्ये एकाच नावाआडनावाच्या दोघीतिघी सहज निघतात. तिथे मधलं नाव आणि वय विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरा, आधार कार्डावर माहेरचं नाव आणि केसपेपरवर सासरचं. अशा वेळी आपल्या मनाने दुरुस्ती करायची नाही. नोंदणीच्या खिडकीवरून नाव एक करून आणा, मग टर्निकेट.

बेशुद्ध पेशंट, लहान मूल किंवा बोलू न शकणारी व्यक्ती असेल तर मनगटावरचा पट्टा बघायचा आणि सोबतच्या नातेवाइकाकडून नाव वदवून घ्यायचं.

नाव जुळलं की पुढचे प्रश्न. ‘उपाशी आहात का?’ एवढं पुरत नाही. आपल्याकडे चहा हा खाण्यात धरत नाहीत. ‘सकाळपासून चहा, दूध, बिस्किट, काही पोटात गेलंय का?’ असं नाव घेऊन विचारलं की ‘चहा तेवढा घेतला’ हे बाहेर येतं. एकादशीला किंवा चतुर्थीला तर ‘उपास आहे’ म्हणणाऱ्याच्या पोटात वाटीभर साबुदाण्याची खिचडी असू शकते. फास्टिंग शुगरला निदान ८ तास, आणि डॉक्टरांनी उपाशीपोटी लिपिड सांगितलं असेल तर ९ ते १२ तास काही खाल्लेलं नसावं. पाणी चालतं, उलट प्यायलेलं बरं, शिरा वर येतात. जेवणानंतरच्या शुगरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. हे पेशंटला सकाळीच सांगून ठेवा.

थायरॉईडची तपासणी असेल तर त्या दिवशीची गोळी सॅम्पल दिल्यावर घेतलेली बरी. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या काही हार्मोन तपासण्या फसव्या येतात. घेत असतील तर फॉर्मवर लिहा, पॅथॉलॉजिस्ट ठरवतील. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का आणि आधी रक्त देताना कधी चक्कर आली होती का, हे दोन प्रश्न कुणालाही चुकवू नका. ‘हो, मागच्या वेळी पडलो होतो’ म्हणणाऱ्याला खुर्चीत न बसवता आडवं झोपवूनच सॅम्पल घ्या.

शीर डोळ्यांपेक्षा बोटाला कळते

कोपराच्या आतल्या खोबणीत तीन शिरा कामाच्या. मधली मीडियन क्यूबिटल, ही पहिली पसंती: बऱ्यापैकी जाड, जागेवर राहणारी आणि दुखायला कमी. ती नसेल तर अंगठ्याच्या बाजूची सेफॅलिक. जाड बांध्याच्या माणसात बऱ्याचदा हीच हाताला लागते. करंगळीच्या बाजूची बॅसिलिक सगळ्यात शेवटी. ती दिसते छान, पण तिच्या शेजारून ब्रेकियल आर्टरी आणि मीडियन नर्व्ह जातात. दिसतेय म्हणून आधी तिलाच टोचायचा मोह टाळा.

टर्निकेट टोचायच्या जागेच्या वर चार बोटं, म्हणजे साधारण ७ ते १० सेंटीमीटरवर बांधा. गाठ अशी मारा की एका हाताने ओढताच सुटेल. मूठ मिटायला सांगा. सारखी उघडझाप करायला सांगू नका. उघडझापीने स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि ठणठणीत माणसाचं पोटॅशियम वाढलेलं दिसतं.

आता तर्जनीच्या टोकाने दाबून बघा. शीर दाबली की मऊ लागते आणि बोट उचलताच परत वर येते. आर्टरी असेल तर ठोके लागतात. स्नायूबंध दोरीसारखा ताठ लागतो, दाबला तरी दबत नाही. अंगठ्याने चाचपू नका, अंगठ्यात स्वतःचेच ठोके जाणवतात. शिरेची दिशाही बोटानेच वर-खाली सरकवून बघायची, कारण सुई त्याच रेषेत जायची आहे.

टर्निकेट एका मिनिटाहून जास्त नको. दाबामुळे शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं. पेशी, प्रोटीन, कॅल्शियम, कोलेस्टेरॉल मागे राहून दाट होतात. शोधण्यातच मिनिट गेलं तर टर्निकेट सोडा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा बांधा. त्या दोन मिनिटांत स्वच्छता उरका. शीर लागत नसेल तर हात खाली लोंबता ठेवायला सांगा, कोमट ओला टॉवेल गुंडाळा, दुसरा हात बघा. चापट्या मारून शीर वर आणायची पद्धत जुनी आहे, पण तिने दुखतं आणि जागा काळीनिळी होते.

काही हातांना हात लावायचा नाही. डायलिसिसच्या पेशंटचा फिस्टुला (डायलिसिससाठी आर्टरीला जोडलेली शीर) असलेला हात, त्याच्यावर बीपीसुद्धा घेत नाहीत. स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील ती बाजू, डॉक्टरांनी लेखी सांगितल्याशिवाय नको. भाजलेली, सुजलेली, आधीच काळीनिळी झालेली जागा नको. सलाईन चालू असलेला हातही नको. डेक्स्ट्रोज चालू असलेल्या हातातून घेतलेल्या सॅम्पलची शुगर भलतीच वर जाते. नॉर्मल सलाईन असेल तर सोडियम-क्लोराईड वर आणि हिमोग्लोबिन खाली. रात्रीपर्यंत ११ असलेलं हिमोग्लोबिन सकाळी ७ झालं की वॉर्डात धावपळ सुरू होते, रक्ताची पिशवीही मागवली जाते, आणि शेवटी कळतं की सॅम्पल सलाईनच्या नळीच्या वरून घेतलं होतं. दुसरा हात मिळतच नसेल तर डॉक्टरांना विचारून सलाईन निदान दोन मिनिटं बंद करा, टोचायची जागा सलाईनच्या खाली निवडा, आणि फॉर्मवर तसं स्पष्ट लिहा.

टोचणं

जागा ७० टक्के अल्कोहोलच्या स्वॅबने पुसा आणि कमीत कमी ३० सेकंद वाळू द्या. फुंकर मारायची नाही, हाताने वारा घालायचा नाही. ओल्या स्पिरिटवर टोचलं की आग होते, आणि स्पिरिट रक्तात मिसळून पेशी फुटतात. पुसल्यावर त्या जागेला पुन्हा बोट लावू नका. सीनिअर मंडळीही मोज्याचं बोट स्पिरिटने पुसून परत चाचपतात. त्यांचं बघून शिकू नका.

दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टोचायच्या जागेच्या खाली दोनेक इंचांवर कातडी खाली ताणून धरा. शीर सरकते ती इथल्या ढिलाईमुळे. वरून तर्जनी आणि खालून अंगठा अशा चिमटीत शीर धरणारे असतात, पण सुई निसटली तर थेट त्या तर्जनीत जाते. सुईचं तिरकं तोंड वर, कोन १५ ते ३० अंश. ‘टोचते हं काका’ एवढं सांगून एका सलग हालचालीत आत. घाबरत हळूहळू घातलेली सुई जास्त दुखते. शिरेत शिरताना हाताला किंचित सैलपणा जाणवतो. तिथे थांबा.

होल्डर धरलेला हात पेशंटच्या हातावर टेकवून स्थिर ठेवा आणि दुसऱ्या हाताने बल्ब आत ढकला. पहिल्या बल्बमध्ये रक्त सुरू झालं की टर्निकेट सोडा, मूठ उघडायला सांगा. बल्ब आपोआप थांबेपर्यंत भरू द्या. शेवटचा बल्ब होल्डरमधून आधी काढायचा, सुई नंतर. सुई काढायच्या आधी टर्निकेट सुटलेलं आहे ना, हे पुन्हा बघा. टर्निकेट बांधलेलं असताना सुई ओढली की रक्त कातडीखाली पसरतं आणि दोन दिवसांनी पेशंट निळा हात घेऊन भांडायला येतो. कापूस वर ठेवा, सुई बाहेर काढा, मग दाब द्या. सुई आत असताना दाबायचं नाही.

‘हात दुमडून ठेवा’ हे आपल्याकडे सर्रास सांगतात, ते चूक आहे. हात सरळ ठेवून बोटाने दाबायचं, तीन ते पाच मिनिटं. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्याहून जास्त, आणि आपण स्वतः बघितल्याशिवाय सोडायचं नाही. चोळायचंही नाही.

सुई गेली पण रक्त नाही? आधी बल्ब बदलून बघा. मग सुई अगदी थोडी पुढे, नाही तर थोडी मागे. आत सुई डावीउजवीकडे फिरवून शीर शोधत बसू नका, नर्व्हला इजा याच खटाटोपात होते. दोन वेळा चुकलं की थांबा आणि दुसऱ्या सहकाऱ्याला बोलवा. यात कमीपणा काही नाही. तिसरा प्रयत्न बहुतेक वेळा हट्टाचा असतो.

सिरिंजने घेतलं असेल तर बल्बच्या झाकणातून सुई घालून दांडा दाबायचा नाही. ट्रान्स्फर डिव्हाइस असेल तर उत्तम. साध्या झाकणाचे बल्ब असतील तर सुई कटरमध्ये काढून रक्त बल्बच्या कडेने सावकाश सोडा. फेस येता कामा नये. आणि कुठल्या बल्बचं झाकण कुठल्या बल्बवर जातंय याकडे लक्ष ठेवा. घाईत झाकणांची अदलाबदल होते.

बल्बांचा क्रम, आणि तो का पाळायचा

एकाच टोचणीत बरेच बल्ब भरायचे असतील तर क्रम ठरलेला आहे:

१. ब्लड कल्चरची बाटली (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची)
२. सायट्रेट, आकाशी झाकण
३. प्लेन किंवा क्लॉट ॲक्टिव्हेटर (रक्त लवकर गोठवणारा), लाल; जेल असेल तर पिवळं
४. हेपॅरिन, हिरवं
५. ईडीटीए, जांभळं
६. फ्लोराईड, राखाडी

कल्चर पहिलं, कारण बाकीच्या बल्बांवरचे जंतू तिथे जाऊ नयेत. बाकीचा क्रम आधीच्या बल्बमधलं रसायन सुईवाटे पुढच्या बल्बमध्ये गेलं तर कमीत कमी नुकसान व्हावं असा लावलेला आहे.

सगळ्यात जास्त घोळ ईडीटीए घालतं. ते कॅल्शियमला बांधून टाकतं, म्हणून तर रक्त गोठत नाही. आणि बल्बमध्ये ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. ईडीटीएमधलं रक्त प्लेनमध्ये मिसळलं की रिपोर्टमध्ये पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली; अल्कलाइन फॉस्फटेजही घसरतं. समजा पोटॅशियम ९, कॅल्शियम ४, आणि पेशंट बाहेर बाकावर बसून मोबाइल बघतोय. त्या आकड्यांना माणूस असा बसून राहत नाही. इथे डॉक्टरला फोन करण्याआधी सॅम्पल कुणी घेतलं आणि कसं, ते विचारा. बहुतेक वेळा प्लेन बल्बमध्ये रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी ईडीटीएतलं थोडं ओतलेलं असतं.

आकाशी सायट्रेटमध्ये एक भाग औषध आणि नऊ भाग रक्त हे प्रमाण ठरलेलं आहे, म्हणून खुणेपर्यंत भरलाच पाहिजे. कमी भरला की सायट्रेट जास्त होतं आणि पीटी उगाच लांबलेला येतो. त्या आकड्यावर वॉरफरिनचा डोस ठरणार असतो. स्कॅल्प व्हेनने पहिला बल्ब सायट्रेटचा घेणार असाल तर नळीतली हवा बल्बमध्ये जाऊन तो कमी भरतो. आधी एक फालतू बल्ब लावून नळी रक्ताने भरून घ्या, तो टाकून द्या, मग खरा लावा. ईएसआरच्या (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) काळ्या झाकणाच्या बल्बमध्येही सायट्रेटच असतं, पण तिथे प्रमाण एकाला चार. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

भरला की लगेच हलवायचा. ईडीटीए, हेपॅरिन आणि फ्लोराईड ८ ते १० वेळा, सायट्रेट ३ ते ४ वेळा, क्लॉट ॲक्टिव्हेटर ५ वेळा. हलवणं म्हणजे बल्ब पूर्ण उलटा करून परत सरळ करणं, ताक घुसळल्यासारखं खदखदवणं नव्हे. पुढचा बल्ब भरत असताना आधीचा दुसऱ्या हातात उलटसुलट होत राहिला पाहिजे. ही लय एकदा बसली की सुटत नाही.

पावसाळ्यात आणि नंतर डेंग्यूच्या दिवसांत याची किंमत कळते. ईडीटीए नीट हलवला नाही की तळाशी बारीकशी गुठळी होते. डोळ्यांना दिसतही नाही, पण प्लेटलेट तिच्यात अडकतात. मशीन ४० हजार दाखवतं, प्रत्यक्षात असतात दीड लाख. घरचे रात्रीत प्लेटलेटची पिशवी शोधायला निघतात. काही थोड्या लोकांत तर बल्ब नीट हलवूनसुद्धा ईडीटीएमुळेच प्लेटलेटचे पुंजके होतात. म्हणून कमी आलेला काउंट रिपोर्टवर छापण्याआधी काडीने गुठळी बघणं आणि स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हा नियम आहे. पुंजके दिसले तर सायट्रेटमध्ये पुन्हा सॅम्पल घेतात.

लेबल पेशंटसमोरच

आधी लेबल लावून ठेवलेले रिकामे बल्ब आणि लेबलशिवाय टेबलापर्यंत नेलेले भरलेले बल्ब, दोन्ही सारखेच धोक्याचे. सॅम्पल झाल्याबरोबर, पेशंट खुर्चीत असतानाच लेबल लावा: पूर्ण नाव, वय, नोंदणी क्रमांक, तारीख आणि वेळ. मग ते लेबल पेशंटला दाखवून ‘हे तुमचंच नाव ना, वाचा बरं’ म्हणा. दहा सेकंद जातात. ब्लड ग्रुप आणि क्रॉसमॅचच्या सॅम्पलला तर यात कसलीच सूट नाही. तिथे नावाची अदलाबदल जिवावर बेतते.

वेळ लिहिण्याचा कंटाळा सगळेच करतात. पण न वेगळ्या केलेल्या रक्तात पेशी शुगर खात राहतात, साध्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के. फ्लोराईड ते थांबवतं, तरी पूर्ण परिणाम व्हायला त्यालाही एक-दोन तास लागतात. सॅम्पल किती वाजता घेतलं हेच माहीत नसेल तर ९५ शुगरचा खरा अर्थ कोण लावणार?

बाळाची टाच, मोठ्यांचं बोट

साधारण एक वर्षाच्या आतल्या बाळाचं थोडं रक्त टाचेतून घेतात. तळपायाच्या टाचेच्या दोन्ही कडा वापरायच्या. मधला भाग आणि मागची गोलाई सोडून द्यायची, तिथे हाड जवळ असतं. टोचणी २ मिलीमीटरहून खोल जाता कामा नये. दोन किलोच्या बाळाच्या अंगात रक्तच दीडेकशे मिलीच्या आसपास असतं, तेव्हा ‘असू दे थोडं जास्तीचं’ इथे चालत नाही.

मोठ्या मुलांचं आणि माणसांचं बोट मधलं किंवा अनामिका, टोकाच्या मध्यावर नको, थोडं कडेला. पहिला थेंब पुसून टाका. बोट पिळू नका. पिळलं की पेशींमधलं पाणी मिसळून हिमोग्लोबिन कमी दिसतं. बोटातून बल्ब भरताना क्रम उलटतो: ईडीटीए आधी, प्लेन शेवटी, कारण थेंब थेंब येणारं रक्त तोवर गोठायला लागतं.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलच्या तपासणीत बोटातल्या रक्तावर सोल्युबिलिटी टेस्ट केली जाते. २०२३ च्या जुलैत देशभराची निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून हे काम आणखी वाढलं आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात मात्र या टेस्टवर भिस्त ठेवता येत नाही, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर शिल्लक असतं. गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात हत्तीरोगासाठी जे रक्त घेतात ते रात्रीच, कारण त्याचे सूक्ष्म जंत रात्रीच बाहेरच्या रक्तात उतरतात. दिवसा घेतलेल्या स्लाइडवर काही दिसलं नाही तर त्यावरून निर्धास्त होता येत नाही.

डिकीतला प्रवास

घरी जाऊन कलेक्शन करणाऱ्यांसाठी हा भाग. प्लेन बल्ब उभा ठेवून साध्या तापमानाला अर्धा तास गोठू द्या, मगच सेंट्रिफ्यूजला, म्हणजे बल्ब फिरवून सिरम (वरचं पिवळसर पाणी) वेगळं करणाऱ्या यंत्राला. पूर्ण गोठण्याआधी फिरवला की सिरममध्ये जाळ्या राहतात आणि मशीनची नळी तुंबते. आइसपॅकला बल्ब चिकटून राहिला तर पेशी गोठून फुटतात, मध्ये कापड किंवा फोम हवा. आणि केएफटीचा न फिरवलेला बल्ब ‘सुरक्षित राहील’ म्हणून फ्रिजमध्ये टाकू नका. थंडीत पेशींचा पोटॅशियम आत ओढणारा पंप मंदावतो, ते बाहेर पाझरतं, आणि सिरम स्वच्छ पिवळं दिसत असूनही पोटॅशियम वाढलेलं येतं. पीटीचं सॅम्पलही फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. अमोनियाचं मात्र बर्फातच आणि ताबडतोब. बिलिरुबिनचं उजेडापासून झाकून न्या, विशेषतः नवजात बाळाचं.

सिरम लालसर दिसलं तर सॅम्पल हिमोलाईज झालं आहे, म्हणजे लाल पेशी फुटल्या आहेत. पोटॅशियम आणि पेशींतली एलडीएच, एसजीओटी ही एन्झाइम खोटी वाढतात. अशा वेळी पुन्हा सॅम्पल मागा. पेशंट चिडेल, चिडू द्या.

अडचण आली तर

चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, जांभया यायला लागल्या की चक्कर येणार आहे. टर्निकेट सोडा, सुई काढा, दाब द्या, आणि माणूस खाली पडणार नाही हे बघून त्याला आडवा करा, पाय उंच ठेवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी किंवा साखर घालू नका. टोचताच ‘करंट बसला’ किंवा बोटांत मुंग्या आल्या असं पेशंट म्हणाला तर नर्व्हला धक्का लागला आहे. सुई लगेच बाहेर, दुसरा हात, आणि डॉक्टरांना कळवा. चकचकीत लाल रक्त ठोक्याठोक्याने आलं तर आर्टरी लागली आहे. सुई काढून निदान पाच मिनिटं घट्ट दाब द्या, गरज पडली तर दहा. कातडीखाली फुगा यायला लागला तर तिथेच थांबून दाब द्या, भरत आलेल्या बल्बचा मोह सोडा.

सुई कुठे टाकायची, आणि आपल्यालाच टोचली तर

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. सुई कापलेल्या सिरिंज, व्हॅक्युटेनर, हातमोजे लाल पिशवीत. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, काच निळ्या डब्यात. डबा पाऊण भरला की बंद करा. सुईवर टोपण परत बसवायचं नाही, बऱ्याच टोचण्या त्याच क्षणी होतात. घरी कलेक्शनला जाताना डबा सोबत न्या. पेशंटच्या घरातल्या कचऱ्यात टाकलेली सुई दुसऱ्या दिवशी घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात घुसते.

वापरलेली सुई टोचलीच तर साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. मग लगेच प्रमुखांना सांगा आणि सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग किंवा एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्र गाठा. एचआयव्हीविरुद्धची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. सुरू केली तर २८ दिवस पूर्ण घ्यायची. ज्याचं रक्त होतं त्याची आणि आपली, दोघांची तपासणी होते. घाबरून लपवणारे फार आहेत, आणि नेमके तेच ७२ तास घालवतात.

एचआयव्हीचा धोका एका टोचणीमागे साधारण ०.३ टक्के असतो. लस न घेतलेल्याला हिपॅटायटीस बीचा मात्र ६ ते ३० टक्के, आणि लस तर उपलब्ध आहे. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लसीने तयार झालेल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) तपासा. तो १० किंवा त्याहून जास्त हवा. कमी आला तर पुन्हा डोस घ्यावे लागतात. इंटर्नशिपचा पहिला दिवस उजाडण्याआधी निदान पहिला डोस झालेला असू द्या, आणि कॉलेज देत नसेल तर प्रमुखांकडे अर्ज करून मागा.